सिरियाकोचा जिना

सान लिबोरियोच्या जुन्या नगरभवनात दुपारचा उजेड खिडक्यांना तावदानांऐवजी लावलेल्या शिंपल्यांतून गाळून येई, ताकासारखा पांढरा. खाली नगराची कचेरी, वर कोर्ट आणि जन्म-लग्नाची नोंदणी. नारळाच्या सोडणावर एक पाय ठेवून ब्रिहिदा वरची लाकडी जमीन हेलकावे घेत घासायची. चाळीस वर्षं हेच काम. घासता घासता तिला वाटे, आपण नाही, इमारतच डुलते आहे.

आज मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या जिना तोडणार होते. तिच्या आजोबांनी, सिरियाको सुतारानं केलेला जिना.

पायऱ्या मोजायची गावची रीत ठरलेली. सोनं, चांदी, मरण. पुन्हा सोनं, चांदी, मरण. शेवटची पायरी मरणावर येता कामा नये, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि या जिन्याला पायऱ्या एकवीस. वर कुणाला शिक्षा झाली की गाव सिरियाकोच्या नावानं बोटं मोडायचं. तिचे वडील, तातांग, तर शरमेनं कधी वर चढलेच नाहीत. तिचं लग्न वर जज्जसमोर लागलं, तेव्हाही तातांग खाली छत्री धरून उभे होते.

"मानांग, मनाला लावून घेऊ नका," तरुण मेयर लुसियानो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला. "नव्या जिन्याला तेवीस पायऱ्या. चांदी."

"तुझा जन्मही वरच नोंदवला होता रे. तुला काही धाड भरली का?"

"मला नाही. पण मतं देणारे घाबरतात ना."

ती शेवटचं म्हणून खाली, जिन्याच्या पायथ्याशी, कठड्याचा खांब पुसायला बसली. त्यावर आजोबांनी कोरलेली वेल. फडकं वरून खाली आलं आणि हात थबकला. वेल फरशीशी अर्ध्या पानातच तुटत होती. घरच्या कपाटावर, पलंगावर, आजोबांची प्रत्येक वेल कुंडीतून निघे. इथली कुंडी कुठे गेली? इतकी वर्षं पुसूनही दिसलं नाही, याचा तिला स्वतःचाच राग आला.

"लुसियानो, इथली फरशी फोड."

"उद्या सगळंच फोडायचंय."

"मग आज एवढंच फोड."

गवंड्यांनी वीतभर काँक्रीट उकरलं. आजोबा गेले त्या वर्षीच्या पुरानंतर जमीन उंचावली होती. तातांग तेव्हा रांगत होते, आणि गाव पुढे विसरून गेलं. काँक्रीटखाली कुंडी निघाली, आणि तिला लागून दगडाची एक पायरी, मधोमध किंचित झिजलेली.

लुसियानोनं पायऱ्या खालून पुन्हा मोजल्या. "बावीस," तो हळूच म्हणाला. "सोनं." मग त्यानं गवंड्यांना घरी पाठवलं.

ब्रिहिदानं चपला काढल्या. दगड पायाला गार लागला. ती मोजत मोजत वर गेली आणि शिंपल्यांची खिडकी सरकवली. खाली झाडाची सावली पडली होती. अकरा वर्षांपूर्वी वारलेले तातांग लग्नाच्या दिवशी तिथेच उभे होते.

"तातांग, या की वर आता," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.