कुटलेली कॅप्सूल

सुकुमारचा संशय आईच्या चक्करेपाशी सुरू झाला आणि सांगलीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत चांगला फोफावला. रक्तदाबाचं नवं औषध, तेही फुकट, वर जायला-यायला गाडी! एवढा पुळका कुणाला उगाच येत नसतो. प्रयोगाला उंदीर महाग पडत असतील, म्हणून शेतकऱ्यांच्या आया धरल्या, असं त्याचं ठाम मत झालं होतं. आणि गंमत अशी, की आईचं नाव या औषधाच्या चाचणीत घालणारा तोच.

"औषध बाधलंय, दुसरं काय!" तो डॉक्टर राजेश्वरींवर कडाडला. "माणसावर प्रयोग करताय व्हय?"

"प्रयोगच आहे, आणि तो सांगूनच सुरू केलाय," बाई म्हणाल्या. खाटेवरच्या आक्काताईचा, सुकुमारच्या आईचा, रक्तदाब पार तळाला गेला होता, सलाईन चालू होतं. बाईंनाही संशय होताच, फक्त उलटा: म्हातारी जोडीला आणखी कसली तरी गोळी खात असणार. "आजी, खरं सांगा. कॅप्सूल कशी घेता?"

"कुटून," आक्काताई म्हणाली.

"कुटून?"

"मग? वरचं टरफल जनावराच्या हाडाकातड्याचं असतंय म्हणं. आमा जैनास्नी चालत न्हाई. त्ये टाकून देती, आतलं दाणं खलबत्त्यात कुटती आन् कोमट पाण्यातनं घेती. औषध वाया घालवलं न्हाई, बाई."

बाईंचा चेहराच उतरला. दिवसभर थोडंथोडं विरघळायचं औषध एका घोटात पोटात जात होतं. जुनी दुखणी, झोप, जेवणखाण सगळं त्यांनी खोदून विचारलं होतं. हे विचारायचं सुचलंच नव्हतं. जैनाच्या घरात जन्म काढून सुकुमारलाही ते सुचलं नव्हतं. त्याला स्वतःचीच चीड आली.

"अजून कोण असं घेतं?" बाईंनी विचारलं.

"आमच्या गल्लीतली मनुबाई, ती बी ह्येच औषध घेती. मीच शिकवलं तिला, बस्तीत देवदर्शनाला गेल्यावर. कालपासनं ती बी निजूनच हाय. उपासाचा शीण म्हणत्यात घरची."

सुकुमारने घाईघाईने मनुबाईच्या मुलाला, सम्मेदला, फोन लावला. "आईला आत्ताच्या आत्ता राजेश्वरीबाईंच्या दवाखान्यात आण. लय घोटाळा झालाय."



"तुला काय चारलं रं त्यांनी?" सम्मेदने विचारलं. "सकाळी तूच गल्लीभर सांगत फिरलास की, त्या बाईच्या दारात पाय ठेवू नगासा म्हणून."

फोन बंद झाला. सुकुमारने पुन्हा लावला, पुन्हा लावला. सम्मेद उचलत नव्हता.