आईचं शेवटचं ‘हो’

संस्थेतल्या आमच्या खोलीत एक शिस्त आहे. प्रत्येक ताऱ्यावर दोघांनी मत द्यायचं, आणि पहिल्याने काय म्हटलंय हे दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. मतं जुळली नाहीत, तर दोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकाला पटेपर्यंत भांडायचं. ही शिस्त आईने घालून दिली, मी तिथे नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधी.

आम्ही शोधतो ते तारे फार विरळा. ते मधूनच काजळी ओकतात, तिच्याआड लपून अंधारतात आणि मग सावकाश पुन्हा उजळतात. कधी अंधारतील त्याचा नेम नसतो. डोळ्यांना तारा हरवतो, पण काजळी तापलेली असते, आणि अवरक्त किरणांत घेतलेल्या आकाशाच्या चित्रांत ती ऊब लख्ख दिसते. म्हणून आम्ही ऊब हुडकतो. लाखोंतून एखादा हाती लागतो.

त्या दुपारी चष्मेकाका माझ्या टेबलापाशी आले. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. लहानपणापासून मी त्यांना हेच म्हणते, आणि आता ते आमचे प्रमुख असले तरी बदललेलं नाही.

“अगं, तो धनू राशीतला तारा...”

“मी ‘नाही’ म्हटलंय त्याला. शोधनिबंधातून काढा.”

“पहिलं मत ‘हो’ आहे.”

“मग बसू की भांडायला. कुणाचं आहे?”

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. तिथे आधीच एक होता. मला कळलं.

आईने ते मत अंथरुणातून दिलं होतं, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून. त्यानंतर तिने लॅपटॉप उघडला नाही.

“मी म्हणतो, राहू दे आत,” काका म्हणाले. “एक तारा जास्त झाला तर कुणाचं काय बिघडतंय?”

“हे आईने ऐकलं असतं तर तुम्हाला खोलीबाहेर काढलं असतं.”

“काढलंच असतं वहिनीने.” ते खिडकीकडे बघत राहिले. “काढायला ती असायला हवी होती गं.”

पुढच्या आठवड्यात निबंध छापायला जाणार होता. भांडल्याशिवाय माझं मत मला बदलायचं नव्हतं, आणि भांडल्याशिवाय तिचं मोडवतही नव्हतं.

सुट्टीच्या सकाळी मी बाबांकडे गेले. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. आईला मात्र शेवटपर्यंत शिकवता आलं नाही, कारण ब्रेक कुठे दाबायचा याआधी तो का दाबायचा यावर वाद व्हायचा. मी त्यांना सगळं सांगितलं.

“मी बसतो तिच्या बाजूने,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्हाला ताऱ्यांतलं काय कळतं?”

“ताऱ्यांतलं काही नाही. पण तिच्याशी भांडायचा माझ्याइतका अनुभव आहे का कुणाला? सगळी भांडणं हरलोय.”

जेवणाच्या टेबलाशी ते आईच्या खुर्चीत बसले, हनुवटीखाली मूठ धरून, आणि तिच्याच सुरात म्हणाले, “चित्र पाहिलंस, की नुसते आकडे?”

मला हसू आलं. मग थोडा वेळ लॅपटॉपची वायर शोधावी लागली.

“हे ढोबळ चित्र,” मी म्हटलं. “ऊब या एका ठिपक्यात दिसते. आणि हे दुसऱ्या दुर्बिणीचं, बारीक नजरेचं. इथे शेजारी शेजारी दोन तारे आहेत. पहिल्याभोवती त्याचा जोडीदार फिरतो. तो आड आला की तारा मंदावतो; खरं तर ठरल्या वेळी, पण नोंदी तुटक, म्हणून नेम नसल्यासारखं वाटतं. दुसरा म्हातारा लाल तारा, धुळीत गुरफटलेला, साध्या प्रकाशात दिसतच नाही. मंदावणं एकाचं, ऊब दुसऱ्याची. आईने दोन्ही एकाचंच धरलं.”

“एका जागी दोन योगायोग? पटत नाही मला.” अजून ते आईच होते.

“त्या भागात इतकी दाटी आहे की हे नेहमीचंच. तूच...” मी थांबले. “तिनेच शिकवलंय मला. मला एवढंच उमगत नाही, की बारीक चित्र उघडल्याशिवाय ती कधी मत देत नसे. मग हे तिला दिसलं कसं नाही?”

बाबांची मूठ हनुवटीखालून सुटली.

“उघडलं होतं तिने,” ते म्हणाले. हा सूर त्यांचा स्वतःचा होता. “औषधांनी तिला धूसर दिसायला लागलं होतं. तुला सांगू नको म्हणाली. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, अहो, इथे एक आहे की दोन?”

“मग?”

“मी म्हटलं, एक.”

“तुम्हालाही नीट दिसलं नसेल.”

“दिसलं की. दोन होते.” त्यांनी टेबलावरून हात फिरवला, जणू तिथे काही सांडलं होतं. “पण दोन निघाले की तारा बाद, आणि मग तिचा चेहरा कसा पडतो, ते मी जन्मभर पाहिलंय. त्या दिवशी नाही पाहवलं. केवढी खूश झाली माहितीये? जेवलीसुद्धा.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. राग येईल असं मला वाटलं होतं, पण आला नाही. आईने आयुष्यात एकदाच दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास टाकला होता, आणि ते डोळे फक्त तिच्याकडे बघत होते.

“आता काय करायचं?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही तिच्या बाजूने बसलाय. तिने विचारलं होतं ते मी तुम्हाला विचारते. एक की दोन?”

त्यांनी चित्र जवळ ओढलं. खरं तर गरज नव्हती, पण नीट पाहिलं, तिच्यासारखं, आधी डाव्या आणि मग उजव्या डोळ्याने.

“दोन,” ते म्हणाले.

मी काकांना फोन लावला. तारा काढा म्हणून सांगितलं.

“भांडण झालं?”

“झालं. आईच्या बाजूने बाबा बसले.”

“मग तिच्या मतापुढे काय लिहू? चुकलं?”

मी बाबांकडे पाहिलं. ते फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाले, “मागे घेतलं, असं लिहा. तिला पटलंय.”

पलीकडून काका म्हणाले, “बरं वहिनी,” आणि फोन ठेवला.