पाहुण्यांसाठी भरलेलं विमान

जरा जपून टेका, कपड्यांना गंज लागेल. मी शिडी बोलतेय. माळ्यावरची नव्हे, विमानाची. चिकलठाण्याच्या विमानतळावर मागच्या कुंपणाशी, वाळलेल्या गवतात मला उभी करून ठेवलीय. चाकं चार, त्यातली दोन बसलेली. पायऱ्या चौदा, अजून शाबूत.

माझा जन्म पैठण रस्त्यावर, चितेगावच्या एका वर्कशॉपात झाला. गोदा एअर नावाच्या नव्या कंपनीनं मला करून घेतलं. शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढत होतं. शेंद्र्याकडे जमिनी मोजल्या जात होत्या, कारखान्यांचे पत्रे चढत होते. कंपनीला वाटलं, इथली माणसं आता रोज उठून मुंबईला उडणार. पहिल्या दिवशी माझ्या चाकाशी नारळ फुटला, पायरीला हळदकुंकू लागलं. मी चार दिवस नव्या नवरीसारखी मिरवले, खोटं कशाला बोलू?

मला ढकलायचं काम बद्रीनाथचं. त्याचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलं होतं, आणि पुढं ही नोकरी लागली होती. शेत गेलं तरी सवय कुठं जाते? तो मला बैलासारखंच बोलायचा. "हां, हळू. आता थांब गं बाई." दर दसऱ्याला माझ्या कठड्याला झेंडूची माळ असायची. त्याची म्हातारी आई, सारजाबाई, शेंद्र्याजवळच्या वाडीवर राहायची. डोक्यावरून विमान गेलं की ती रोज हात जोडायची. "माय, तुला एकदा त्याच्यात बसवतो," असं त्यानं तिला कबूल केलं होतं. हे तो मला किती वेळा सांगायचा, त्याला सुमार नाही.

गोदा एअरचे इथले साहेब होते व्यंकटराव. शिकलेल्या घरातले, बोलणं मऊ, शर्टाची इस्त्री भर उन्हातही न मोडणारी. त्यांचं एक ठाम मत होतं. दुसरी एखादी विमान कंपनी सरकारकडे हात पसरते असं पेपरात आलं की म्हणायचे, "ज्याला गिऱ्हाईक नाही त्यानं दुकान बंद करावं. लोकांच्या पैशानं कशाला चालवायचं?"

मग दुष्काळ आला. एक नव्हे, लागोपाठ तीन वर्षं. फर्दापूरच्या हॉटेलांत नळांना पाणी नाही, म्हणून अजिंठा बघणारे येईनात. कारखान्यांनी साहेबलोकांचे दौरे कमी केले. ऐंशी खुर्च्यांच्या विमानासाठी माझ्यावरून वीस-बावीस माणसं चढायची. मला हलकं वाटायचं, आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटायची.

अशा वेळी व्यंकटरावांनीच सरकारला मदतीचा अर्ज लिहिला. लिहिताना त्यांना किती जड गेलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. बद्रीनाथनं त्यांना धीर दिला.

"साहेब, आमच्या वाडीवर एसटी येती. चार माणसं असतात तिच्यात. ती बी गिऱ्हाईक बघून बंद केली, तर बाळंतीण दवाखान्यात कशी जायची?"

"एसटी गरिबांची आहे, बद्रीनाथ. विमान गरिबांचं आहे का?"

"त्याची शिडी ढकलून माझं पोट भरतं ना साहेब. मी काय श्रीमंत हाय व्हय?"

व्यंकटरावांनी अर्ज पाकिटात घालून चिकटवला.

अर्जावरून पाहणीला तिघे अधिकारी येणार, असं कळलं. त्याच विमानानं मुंबईला जाऊन ते संध्याकाळी परतणार होते. त्या दिवसाची तिकिटं गेली होती एकोणीस. व्यंकटरावांना घाम फुटला. "एवढं रिकामं विमान दाखवायचं? अब्रू जाईल." मुलगी बघायला पाहुणे आले की शेजारच्या खुर्च्या आणून बैठक भरायची, ही आपली रीतच आहे. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, घरची माणसं आणा, फुकट बसवा, चांगले कपडे घालून आणा.

बद्रीनाथ चाचरत म्हणाला, "साहेब, गेल्या साली वाडीवर दुष्काळाची पाहणी आली होती. मायनं तीन मैलांवरनं हंडा आणून समद्यांना गार पाणी पाजलं. त्यांनी लिहिलं, पाणी हाय. टँकर आलाच नाय."

"ती वाडी, ही कंपनी," साहेब म्हणाले. "तुझ्या आईला आण."

बद्रीनाथ गप्प झाला. त्याला कळत होतं, पण आईला विमानात बसवायची हीच एक संधी होती. मी त्याला दोष देत नाही. तोंड असतं तर मीही गप्पच बसले असते.

सारजाबाई आली. नवं लुगडं, आणि हातात गाठोडं. पहिल्या पायरीशी थांबून तिनं चपला काढल्या, माझ्या पायरीला हात लावून कपाळाला लावला, आणि अनवाणी चढली. हजारो माणसं माझ्यावरून गेली, पण असं पाऊल दुसरं पडलं नाही. विमानाजवळ काही सुटं पडू द्यायचं नसतं, म्हणून बद्रीनाथनं त्या चपला उचलून दिवसभर काखेत धरल्या.

संध्याकाळी ती उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "वरनं समदी जमीन पांढरी फटक दिसती रं. आपलं वावर लई शोधलं. पत्रंच पत्रं. वळखू आलं नाय." बद्रीनाथनं खाली वाकून तिच्या पायात चपला घातल्या.

मागून तिघे अधिकारी उतरले, खूश होऊन. महिन्याभरानं त्यांचा अहवाल आला. विमान पूर्ण भरून जाते, मागणी उत्तम आहे, सरकारी मदतीची गरज दिसत नाही.

दिवाळीच्या आत गोदा एअर बंद पडली. व्यंकटराव मुलाकडे पुण्याला गेले. बद्रीनाथ शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वॉचमन आहे, पूर्वी जिथं त्याचं वावर होतं त्याच बाजूला. जाण्याआधी तो एकदा मला भेटायला आला. चाकांना ग्रीस लावलं. "मायला सांगितलं नाय, तिच्या बसण्यानं कंपनी बुडाली म्हणून," एवढंच बोलला आणि डोळे पुसत गेला.

सरकारनं बुडत्या कंपन्यांना हात द्यावा की बाजारावर सोडावं, हे मोठ्यांनी ठरवावं. मी दोघांचंही ऐकलंय, आणि मला दोघंही खरे वाटतात. पण ठरवणाऱ्याला खरं दिसलं तर पाहिजे. म्हणून जाता जाता एवढं ऐका. पुढं कधी कुणी तुमची अडचण बघायला आलं, तर पाहुणचार आवरा. रिकाम्या खुर्च्या रिकाम्याच दाखवा.