गळ्याची शप्पथ

बसा राजेहो, बूड टेका जरा. आज एक गोष्ट सांगतो. हासाची नाही, पण आयकाच. अन् आयकून झाली का तुमाले एक काम सांगीन, ते करा लागीन.

अकोल्याच्या शफी पिंजाऱ्याचं पोरगं परवेज. गाद्या भरणाऱ्याचं, पण डोक्यानं तल्लख. अमरावतीले शिकाले आलं, होस्टेलात राहे. त्याच्या कॉलेजात रागिणी मॅडमनं पोरापोराईचाच एक गट उभा केल्ता, 'सोबती' नावाचा. ज्याचं मन ठिकाणावर नाही त्यानं सोबत्यापाशी याचं, मोकळं बोलाचं. सोबत्यानं आयकाचं. शहाणपण शिकवाचं नाही, आयकलेलं कोठी सांगाचं नाही. फक्त कोणी जीवाचं बरंवाईट कराचं बोललं, त मंग थेट मॅडमकडे धावाचं.

परवेज सोबती झाला, त पोरं त्याची टर उडवत. म्हणत, बाप कापूस पिंजते अन् हा लोकाईचं डोकं पिंजते. तोई हासे.

त्याच्याच खोलीत होता किशोर, बाळापूरकडला. दिवाळीपासून त्याचं काईतरी बिनसलं. मेसचं ताट तसंच ठेवे, आंघोळ नाही, दाढी नाही. कोण्या गोष्टीचं दुःख म्हणावं त तेई नाही. मनच विझून गेल्तं. एक दिवस दुपारी दोघं राजापेठेतून पायी येऊन राहिले होते. गाड्याईच्या गोंगाटात किशोर हळूच म्हणे, "मले आता जगावं वाटत नाही बे."

परवेजनं त्याले रसवंतीत बसोलं, सारं आयकून घेतलं, अन् म्हणे चाल मॅडमकडे, मी संग येतो. किशोर घाबरला. मॅडम घरी कळवीन, माय हाय खाईन.

"घे अम्मीची शप्पथ," म्हणे. "कोणाले सांगशीन नाही. गळ्याची चिमटी धर."

अन् परवेजनं धरली. त्याच्या अम्मीचं, हलीमाबीचं, त्याच आठवड्यात नागपूरले दिलाचं ऑपरेशन होतं. अन् आईची शप्पथ तोडली त आई मरते, हे गल्लीतल्या साऱ्या पोराईसंग तोई शिकला होता.

मंग सुरू झाली घालमेल. मॅडमच्या दारापर्यंत जाये अन् वापस ये. एकडाव मॅडमनंच इचारलं, काय रे? त्यानं तोंड उघडलं, अन् डोयापुढं अम्मीचं स्ट्रेचर आलं. म्हणे काई नाही, सहज. त्यानं मनाशी ठरवलं, अम्मी डोये उघडू दे, मंग सांगतो. किशोर तवरोक थांबीन. नागपूरले निघतानी किशोरनंच त्याची बॅग स्टँडपर्यंत आणून देल्ली. अम्मीले सलाम सांग, म्हणे.

ऑपरेशन चांगलं झालं. हलीमाबीनं डोये उघडले, पोराचा हात धरला. त्याच सांजेले होस्टेलातून फोन आला. किशोर गेला.

मंग परवेज अकोल्याच्या घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहे. ना खाणं ना बोलणं. शेवटी हलीमाबीच, छातीवरचे टाके सांभाळत, त्याच्या बाजेवर येऊन बसली. तवा त्यानं सांगतलं, तुह्यासाठी गप राहिलो.

तिनं त्याचं तोंड आपल्याकडे वळोलं. मंग म्हणे, "अरे बेटा, आपल्यात आईची कसम कसमच नाही. अल्लाची खाल्ली असती तरी दहा गरीबाईले जेवू घातलं का सुटते. दहा ताटं होती रे फक्त. मले फोन काहून नाही लावला?"

"तुह्यं ऑपरेशन होतं."

"मी माय होती."

त्या जुम्म्याले तिनं दहा जणाईचं रांधलं. शेजारणी म्हणत, कसमच नोयती त हे कायले? ती म्हणे, पोराचा गळा मोकळा व्हावं म्हणून. परवेजनं आपल्या हातानं वाढलं. अकरावं ताट तिनं डब्यात भरलं, अन् मायलेक बाळापूरकडे गेले, किशोरच्या मायजवय, कौशल्याबाईजवय. परवेजनं तिच्यापुढं सारं सांगतलं. कौशल्याबाईनं डबा उघडला नाही, फेकलाई नाही. मांडीवर धरून बसली.

आता तुमचं काम. तुमचं पोरगं कोठी शिकून राहिलं अशीन, त्याले फोन लावा. म्हणा, माह्या नावाची कोणी शप्पथ घातली अन् गोष्ट जीवाची अशीन, त तोड बावा, मले काई होत नाही. उद्या नोका लावू. आत्ताच लावा, मी थांबतो.