बोटं अडकली पाहिजेत

भिंगवाले आणि त्यांचे मेहुणे यांच्यात विस्तव जात नव्हता. भिंगवाल्यांनी आयुष्यभर एकच उद्योग केला, जुनी लष्करी हत्यारं जमवायची. त्यातही खंदकांतल्या हातघाईच्या लढाईतले सुरे म्हणजे जीव की प्राण. खिशात कायम भिंग, म्हणून हे नाव. मेहुण्यांचं नळ-पाइपांचं मोठं दुकान होतं. बहिणीनं त्या दुकानात लग्न करून जावं, हे भिंगवाल्यांना अजून पचलं नव्हतं. ते मेहुण्यांना पाठीमागे 'तोटीवाला' म्हणत आणि मेहुणे त्यांना तोंडावर 'गंजाचे डॉक्टर' म्हणत.

तर या तोटीवाल्याच्याच, पलटणीत लढलेल्या आजोबांच्या पेटीत एक सुरा सापडला. बहिणीनं फोन केला, "दादा, येऊन बघ. तुझ्या कामाचा दिसतोय."

दुकानाच्या मागच्या खोलीत, पाइप आवळायच्या शिकंज्याशेजारी, सुरा वर्तमानपत्रावर ठेवला होता. दुधारी पातं, पितळी मूठ, मुठीत चार बोटांसाठी चार कड्या. घरच्या काचेच्या कपाटातली मधली खुंटी भिंगवाल्यांनी अशाच सुऱ्यासाठी रिकामी ठेवली होती. तिच्यावरून बायकोची बोलणी खाल्ली होती, पण दुसरं काही तिथे टांगू दिलं नव्हतं.

त्यांनी भिंग लावलं. पितळावर हातानं कानस मारल्याचे फटकारे. शिक्क्याची अक्षरं धारदार, ओतीव नकलेसारखी बोथट नव्हेत. मग मुठीत बोटं घातली. चारही बोटं अलगद मुळापर्यंत गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मागे बहिणीच्याच घरी जेवताना भिंगवाल्यांनी सगळ्यांना ऐकवलं होतं, "नकली मूठ कशी करतात? अस्सल मुठीचा साचा काढून ओततात. पितळ थंड होताना आकसतं, त्यामुळे नकलेत माझी बोटं अडकतात. अडकली की नकली. भिंगसुद्धा लागत नाही." आपण हे इथे बोललो होतो, हे भिंगवाले विसरले होते. बोलणाऱ्याला कुठे लक्षात राहतं? ऐकणाऱ्याच्या मात्र डोक्यात बसतं, विशेषतः ऐकणारा मेहुणा असला तर.

"काय म्हणताय डॉक्टर?" मेहुण्यांनी विचारलं.

अस्सल म्हटलं, तर हा माणूस तो दुकानात टांगणार आणि येईल-जाईल त्याला आजोबांचं शौर्य सांगणार. नकली म्हटलं, तर अडगळीत टाकणार, आणि मग बहिणीकडून गुपचूप मागून घेता येईल. भिंगवाल्यांनी बोटं बाहेर काढली.

"नकली आहे. बाजारात पोत्यानं मिळतात असले."

मेहुणे त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "हिला कुंड्यांसाठी खुरपी हवीच होती. मूठ कापून पात्याची खुरपी करतो. पितळ भंगारात." त्यांनी पातं शिकंज्यात आवळलं आणि ग्राइंडर उचलला. "मूठ जरा धरा हो. हलायला नको. अशी नाही, नीट बोटं घालून धरा. अडकत नाहीत ना?"

"नाही," भिंगवाले म्हणाले, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

म्हणजे याला कळलं होतं. कळूनच चाललं होतं हे सगळं. भिंगवाल्यांनी वर बघितलं. बहीण दारात उभी होती, हाताची घडी घालून. तिचाही चेहरा दगडाचा.

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या पलीकडच्या भिंतीवर उडायला लागल्या. पितळ तापत गेलं. भिंगवाल्यांनी मुठीबरोबर दातही असे आवळले होते की ते दुखायला लागले. निम्मं पातं कापून झालं आणि मेहुण्यांनी यंत्र बंद केलं.

"काही म्हणालात?"

एक शब्द पुरे होता. अस्सल. जखमी का होईना, सुरा वाचला असता. पण तो शब्द म्हणजे या माणसासमोर 'मी खोटं बोललो' असं कबूल करणं.

"थांबलात कशाला?" भिंगवाले म्हणाले. "कापा."

पातं सुटलं. मूठ भिंगवाल्यांच्या हातात राहिली, कडकडीत तापलेली. ती काढायला गेले, तर निघेना. आवळून आणि भाजून बोटं फुगली होती. ओढली, पिळली, थुंकी लावली. मूठ जागची हलली नाही.

मेहुणे जवळ आले, चष्मा वर करून त्यांनी हात निरखला.

"अडकली हो," ते म्हणाले. "तुमचंच खरं. नकलीच होती."

बहीण साबण आणायला आत गेली. जाताना तिनं पातं उचलून नेलं.