मिसेस इंगवाल्ड मोएन

आर्डिस पेल्टन विमानतळावरून चार तास गाडी हाकत स्कोगेन गावाला आली ती भांडायच्या तयारीनंच. पर्समध्ये तिथल्या ग्रंथालयाची दोन पत्रं होती आणि दोन्हींत मजकूर एकच. सेल्मा मोएन, मृत्यू १९५४, नोंद सापडली नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाच डॉलर शोधण्याचे आहेत, सापडण्याचे नव्हेत. सबब परत मिळणार नाहीत.

पाच डॉलरचं तिला काही नव्हतं. म्हणजे थोडं होतं. पण बाई या गावात मेली, इथल्याच चर्चमागे पुरली, आणि गावच्या साप्ताहिकात तिची मृत्युवार्ता नाही? कुणाची गाय व्याली तरी छापणारा पेपर तो! कुणीतरी ती बातमी दाबून ठेवली आहे, अशी आर्डिसची खात्रीच झाली होती.

तिला हवी होती त्या बातमीतली शेवटची ओळ. मेलेल्या माणसामागे कोण कोण राहिलं त्यांची नावं तिथं असतात. त्यात आपलं नाव आहे का, एवढंच तिला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी बघायचं होतं. वडील युद्धात गेले, पाठोपाठ आईला क्षय झाला, तिला सॅनटोरियमात ठेवलं आणि दोन वर्षांच्या आर्डिसला हेडविगमावशी डुलुथला घेऊन गेली. वर्षभरानं तिथून पार पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉनला. "तुझ्या आईनं दुसरं लग्न केलं, त्या मोएनशी. तुझी कधी साधी चौकशी केली नाही तिनं," मावशी सांगायची. मावशीनं मात्र तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. मावशी गेली तेव्हा तिचा हात आर्डिसच्या हातात होता.

ग्रंथालयातली जुन्या नोंदींची खोली तळघरात होती. टेबलामागं पन्नाशीची एक गुबगुबीत बाई बसली होती. तिच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं ब्रेंडा मोएन. आलं लक्षात, आर्डिस मनाशी म्हणाली.

"तुम्ही मोएन?"

"सासरची. का हो?"

"सहज विचारलं. सेल्मा मोएन तुमच्या सासरची कोण?"

"कुणी नसावी. अहो, या गावात दगड भिरकावा, मोएनलाच लागेल. फोनच्या पुस्तकात तीन पानं आहोत आम्ही. त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत!"

"घरातली भानगड घरातच राहिलेली बरी, नाही का?"

ब्रेंडा हसली आणि तिनं लेमन बारचा, लिंबाच्या गोड वड्यांचा डबा पुढं सरकवला. आर्डिसनं नको म्हटलं. गोड खायला घालून वाटेला लावायची ही रीत तिच्या ओळखीची होती. तिनं दोन्ही पत्रं टेबलावर आपटली.

ब्रेंडानं ती वाचली. "हे आमच्या हॅरिएटचं काम. टपालानं आलेले शोध तीच बघते. समोर जे नाव लिहिलंय तेच शोधते, एक अक्षर इकडचं तिकडं करायची नाही. नवऱ्याचं नाव काय होतं हो?"

"कुणाच्या?"

"सेल्माच्या."

"इंगवाल्ड. त्याचा काय संबंध?"

"मग सेल्मा कशी सापडणार? चोपन्न साली लग्न झालेल्या बाईला पेपरात स्वतःचं नाव कुठं होतं! आमची कार्डं त्या बातम्यांवरून केलेली. जसं छापलं तसंच." ब्रेंडानं लाकडी खण ओढला, बोटं भरभर चालवली आणि एक कार्ड वर काढलं. "मोएन, मिसेस इंगवाल्ड. नोव्हेंबर चोपन्न."

इतकं सोपं होतं तर दोनदा नाही का म्हणालात, हे आर्डिसच्या ओठांवर आलं होतं. पण ब्रेंडा तोवर यंत्रात जुन्या अंकांची फिल्म चढवत होती. पडद्यावर राखाडी पानं सरकली आणि थांबली. बातमी बोटभर होती. मागे पती आणि दोन मुलगे. आणि त्याखाली: पहिल्या विवाहापासूनची कन्या आर्डिस बर्ग हिचे त्यांच्याआधीच निधन झाले होते.

आर्डिसनं ती ओळ तीनदा वाचली.

"मारून टाकलं मला," ती म्हणाली. "टाकून दिलं ते दिलंच. वर गावाला सांगितलं, मेली म्हणून! नव्या नवऱ्यापुढं लाज वाटली असेल."

ब्रेंडाला अर्थबोध झाला नाही, पण तिनं सवयीनं दुसरा खण ओढला. "निधन झालं असेल तर त्याचीही नोंद असणारच. बर्ग, आर्डिस." ती कार्डं चाळत राहिली. "एक नाही हो. नऊ आहेत."

"नऊ? एक मूल नऊ वेळा मरतं का?" आर्डिस तिच्यावर खेकसली. तिला आता कुणाचाच भरवसा वाटत नव्हता, कार्डांचाही नाही.

पहिली बातमी १९४६ च्या जुलैमधली होती. 'डुलुथहून येथे असे कळवण्यात आले आहे की, युद्धात पती गमावलेल्या श्रीमती सेल्मा बर्ग यांची कन्या आर्डिस, वय तीन, हिचे मावशी कुमारी हेडविग लुंड यांच्या घरी घटसर्पाने निधन झाले. दफनविधी तेथेच उरकण्यात आला. श्रीमती बर्ग अद्याप सॅनटोरियममध्ये आहेत.'

"कळवण्यात आले," आर्डिस पुटपुटली. "कुणी कळवलं?"

मावशीचं नाव समोर छापलेलं होतं. त्याच उन्हाळ्यात मावशीनं डुलुथचं घर विकून ओरेगॉनच्या आगगाडीची दोन तिकिटं काढली होती.

बाकीच्या आठ नोंदी बातम्या नव्हत्या. मृताच्या स्मरणार्थ घरचे लोक पैसे भरून छापतात तसल्या त्या, 'आर्डिस बर्ग' या मथळ्याखालच्या दोन दोन ओळी होत्या, सत्तेचाळीसपासून दर मार्चच्या अकरा तारखेच्या आसपासच्या अंकात. आर्डिसचा तो वाढदिवस. 'आर्डिस, आज तू चार वर्षांची असतीस. आई.' पुढच्या साली पाच. मग सहा. शेवटची चोपन्नच्या मार्चमधली होती. 'आज तू अकरा वर्षांची असतीस. केस माझ्यासारखे दाट झाले असते का? आई.'

त्या अकराव्या वाढदिवसाला मावशीनं तीन थरांचा केक केला होता. मेणबत्त्या विझवायच्या आधी मनात काहीतरी माग म्हणाली होती. आर्डिसनं आई मागितली होती, आणि मावशीनं हसत टाळ्या वाजवल्या होत्या. आर्डिसला मावशीचा इतका राग आला की तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"सगळ्यांच्या प्रती काढून द्या," ती म्हणाली.

"देते. प्रत्येक नावाला एक फॉर्म भरावा लागतो, तेवढा भरा. मृताचं नाव, तुमचं नाव, आणि मृताशी तुमचं नातं."

आर्डिसनं मृताचं नाव लिहिलं. आर्डिस बर्ग. खाली आपलं लिहिलं, आर्डिस पेल्टन. तिसऱ्या रकान्यात तिनं लिहिलं, मीच ती.

ब्रेंडानं फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला आणि तिचा हात तोंडावर गेला.

"सॅनटोरियम इथून किती लांब होतं हो?" आर्डिसनं विचारलं. "तिला माझ्या मरणाची ती बातमी कुणी वाचून दाखवली असेल?"