उतरंडीच्या तळाशी

पहाटे भट्टीच्या दाराची शेवटची वीट बसली. मी आत आहे, सगळ्यात खाली.

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, जाड खडबडीत मातीचा. चीनमधल्या आमच्या जिंगदेझेन गावचे पांढरे, निळसर झाक असलेले वाडगे जाळ-राखेनं डागाळू नयेत म्हणून आमच्या पोटात ठेवून भाजतात. भाजलेला वाडगा लोक उजेडात धरतात, पलीकडची बोटं दिसतात का ते पाहतात. आम्हाला कोणी उजेडात धरत नाही.

तरुणपणी माझ्याही पोटात वाडगे असत. मग आतून माझी माती झडू लागली. तेव्हापासून पोटात वाळू भरून मला तळाशी बसवतात आणि वर डब्यांची उतरंड रचतात. किती जाळ सोसले, आता आठवतही नाही.

काल भट्टीवाल्या यू शौशाननं मला बोटानं वाजवलं. मी बद्द वाजलो, म्हणजे अंगात भेग होती. भेगेत ओली माती दाबून त्यानं मला तसंच बसवलं. माझ्यावर छाओ बाईंचे वाडगे चढायचे होते. नवऱ्यामागे त्यांनी हिवाळाभर एकटीनं घडवलेले.

"दादा, खालचा बद्द वाजला," त्या म्हणाल्या.

"कान शाबूत आहेत म्हणायचे. दुसरा आणू कुठून? तुझ्या सासूला बसवू तळाशी?"

"बसवा. ती जाळालाच चार गोष्टी सुनावेल."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी उतरंडीचे वरचे दोन डबे उतरवायला सांगितले. आता पुढची भट्टी सुगीनंतरच, तोवर त्यांतले वाडगे कच्चेच पडून राहतील, असं त्यानं बजावलं.

"राहू देत. सगळंच कोसळलं तर सुगीपर्यंत खाऊ काय?"

इतक्या वर्षांत माझ्यावरचं ओझं कोणी कमी केलं ते पहिल्यांदाच. त्यांनी ते वाडग्यांसाठी केलं, हे मला कळतं. तरी बरं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी तळाशी असेल. वर आणखी काही ठेवण्याआधी एकदा बोटानं वाजवून बघा.

आता जाळ पांढरा झाला आहे. शौशान भट्टीच्या पाहणीच्या छिद्रातून आत थुंकला. थुंकी कशी उडते यावरून तो जाळ ओळखतो. अजून लाकडं टाका, असं तो म्हणाल्याचं ऐकू आलं. छाओ बाई दाराबाहेर बसून आहेत. भेगेतली माती मघाशीच गळून पडली. उतरंड केसभर कलली आहे.

अजून उभी आहे.